दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधली कल्पना उचलणं ही चोरी का?

कळफलक (प्रश्न)

आमचं तिघांचं काम आहे, दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. गेल्या महिन्यात एक जुना ग्राहक आम्हाला सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्याकडे वस्तूची नोंद नसली की लाल चौकट येते आणि रांग थांबते. त्यांच्याकडे थांबत नाही."

मी त्यांचं ट्रायल अकाउंट काढून पाहिलं. नोंद नसलेली वस्तू स्कॅन केली की ते फक्त किंमत विचारतं. ती ओळ बिलात पिवळी होऊन बसते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. रात्री हिशोब बंद करताना सगळ्या पिवळ्या ओळी एकत्र समोर येतात, तेव्हा बाकीची माहिती भरायची. बघून आधी हेवा वाटला, मग स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं आम्ही काउंटरवरच्या माणसाला लाल चौकट दाखवत होतो आणि चूक त्याची नव्हतीच.

आता आम्हालाही हे करायचंय, पण मन खातंय. ट्रायल घेताना मी खोट्या दुकानाचं नाव टाकलं. आमच्यातला एक जण पूर्वी त्याच कंपनीत होता. "आतून कसं बांधलंय मला ठाऊक आहे, दोन दिवसांत करून देतो" म्हणतो. पहिला नमुना तर इतका तंतोतंत झालाय की पिवळा रंगसुद्धा तोच. कायद्याचं वकील सांगतील. हे वागणं बरोबर आहे का, एवढंच विचारायचंय.

जुनं खातं

कल्पना बेलाशक घ्या. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क हे हिशोबाचे तक्ते मांडायचं सॉफ्टवेअर आलं, त्याच्या कर्त्यांनी पेटंट घेतलं नव्हतं. 1983 मध्ये लोटस 1-2-3 ने तीच उभ्या-आडव्या चौकटींची कल्पना घेऊन बाजार जिंकला, पुढे एक्सेल आलं. ही कल्पना एकाच घरात कुलूपबंद राहिली असती तर आपल्या सगळ्यांचं नुकसान झालं असतं.

पुढे बोरलँड कंपनीने क्वात्रो प्रो या आपल्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये लोटसच्या मेनूतली आज्ञांची रचना जशीच्या तशी दिली, कारण लोकांचे हात तिला सरावले होते आणि त्यांचे जुने मॅक्रो (एकामागोमाग आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या) चालायला हवे होते. लोटस कोर्टात गेली. 1995 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की ही रचना म्हणजे काम करण्याची पद्धत, तिच्यावर कॉपीराइट नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 4-4 अशी बरोबरी झाली आणि तोच निकाल टिकला. मला तो मनापासून पटतो. हाताला लागलेली सवय वापरणाऱ्याची असते.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूला उभी होते, म्हणून लिहिते. आमचं एक फीचर एका कंपनीने उचललं. ते बघून चार दिवस वाईट वाटलं, मग वाटायचं थांबलं. पण त्यांचं मदतीचं पान उघडलं आणि त्यात माझीच वाक्यं दिसली. एका शब्दाची वेलांटी मी चुकवली होती, ती चूकही तशीच. त्या रात्री झोप लागली नाही. ती वाक्यं मी वापरणाऱ्यांचे फोन घेऊन घेऊन, एकेक शब्द बदलत लिहिली होती.

आणखी एक. 'जतन झाले' हा संदेश आमच्याकडे 7 सेकंद राहायचा, कारण आमच्या एका ग्राहकाचा जुना प्रिंटर तेवढा वेळ घ्यायचा. त्यांनीही 7 सेकंदच ठेवले. का, ते त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. तुमच्या त्या पिवळ्या रंगाचं कारण तुम्हाला माहीत आहे का?

जुनं खातं

हे मान्य. मी फक्त कल्पनेबद्दल बोलत होतो, वाक्यांबद्दल नाही.

दुसरी पाळी

मला सगळ्यात जास्त तुमच्या त्या सहकाऱ्याची काळजी वाटते. त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली असणार. फिनिक्स कंपनीने आयबीएम पीसीच्या बायोसला (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पर्याय बनवला, तेव्हा मूळ कोड वाचणारे लोक वेगळे ठेवले. त्यांनी काय काय घडायला हवं एवढंच लिहून दिलं. कोड लिहिणाऱ्यांनी मूळ कोड पाहिलाच नव्हता. इतकी शिस्त तुम्हा तिघांना झेपणार नाही, पण त्याला या कामापासून लांब ठेवणं झेपेल. "आत कसं आहे" हे चहा पितानाही विचारू नका. नाही म्हणायची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नका, ते ओझं मालकाने घ्यायचं असतं.

कळफलक

सगळ्यांचे आभार. उंबरठाताई, रंगाचं कारण मला माहीत नव्हतं. ते वाचून नमुना बंद केला.

ट्रायल अकाउंट काढून टाकलं. सहकाऱ्याशी बोलले, तो आधी दुखावला, मग म्हणाला की त्यालाही धाकधूक होतीच. मग एका ग्राहकाच्या काउंटरमागे दुपारभर उभी राहिले. तिथली बाई नोंद नसलेल्या वस्तू जुन्या पावतीच्या मागे पेनाने लिहीत होती, नाव आणि किंमत. ती चिठ्ठी ड्रॉवरला चिकटवलेली. म्हणजे ही गरज आमच्यासमोर कितीतरी दिवस होती, आम्ही वाकून बघितलं नाही.

तिला विचारलं, रात्री यादी भरशील का? म्हणाली, "रात्री घरी जायची घाई असते. सकाळी माल लावताना वस्तू हातात असते, तेव्हा भरेन." म्हणून आमची यादी सकाळी, दुकान उघडताना दिसेल. रांग न थांबवण्याची कल्पना त्यांच्याकडूनच मिळाली, हे जुन्या ग्राहकालाही सांगितलं.