जानेवारीत 'गाभ्रीचा पाऊस' दाखवायचा की नाही?

पराटी
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या हॉलमध्ये फिल्म क्लब चालतो. खाली सतरंज्या, समोर पांढरी चादर. पुढचे तीन खेळ ठरलेत. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाळा' (१९७७). जानेवारीत सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). फेब्रुवारीत श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६). घरच्या ओटीटी वर्गणीवर असा जाहीर खेळ करता येत नाही, म्हणून रीतसर परवानग्या मागितल्यात.

वाद मधल्या सिनेमावर आहे. काही सभासद म्हणतात, काढा. मी म्हणतो, ठेवा. सिनेमात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलका, एका शेतकऱ्याची बायको, धसका घेते. नवऱ्यावर नजर ठेवते, पोराला त्याच्या मागं धाडते, गोडधोड करून घालते. हा धसका आपल्याकडच्या बायांनी वर्षानुवर्षं उरात ठेवलाय. महोत्सवांतल्या लोकांनी तो पाहिला. ज्यांचा आहे त्यांनीच पाहू नये?

बांधावरचा
भाऊ, तुमचं मन साफ हाये, पण मी 'काढा' म्हणणाऱ्यातला. माहा काका २००६ ले गेला, कर्जापायी. त्याच साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. काकू आपल्या दर खेळाले येते. दुसऱ्या रांगेत, खांबाले पाठ टेकून बसते, चपला पिशवीत घालून मांडीवर ठेवते. मागच्या खेळानंतर तिनं इचारलं, "पुढचा कायचा हाये रे?" माह्या तोंडातून शब्द निघाला नाही. तिले अंधारात बसवून हेच दाखवाचं काय? तिले ठाऊक नाही असं त्यात काय हाये? महिन्यातून एक संध्याकाळ ती घराबाहेर पडते, ते हसाले पडते.

निवृत्त मास्तर
बांधावरचे, तुमचं दुःख मोठं आहे, पण काकूंना विचारलंत का? त्यांना काय सोसवेल हे आपण पुरुषांनीच ठरवून टाकलं. सतरा वर्षं माझी शाळा खेड्यात होती. बाप गेलेली पोरं वर्गात असायची आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोर तो विषय टाळायचो. त्यांना बरं वाटावं म्हणून टाळतो, असं वाटायचं. खरं तर आमचीच हिंमत नव्हती.

आणि 'मंथन'वर कुणीच बोलत नाही, म्हणून सांगतो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो सिनेमा उभा केला. आपल्याकडं १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. दुधाचं तिथं सहकारातून जमलं, पांढऱ्या सोन्याचं इथं का नाही, यावर खेळानंतर तासभर तरी बोललं पाहिजे.

झाडीचा माणूस
मी गडचिरोलीकडच्या वडसा भागातला. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात लोक रात्रभर थंडीत बसतात, तिकीट काढून. त्यात विधवा असते, कर्ज असतं, मरणही असतं. पण मधेच विनोदी पात्र येतं, लावणी होते, माणूस श्वास घेतो. रडायला लोक नाही म्हणत नाहीत. सिनेमा संपल्यावर दिवे लावून पाच मिनिटांत सतरंज्या गुंडाळू नका, एवढंच सांगणं. चहा ठेवा, लोकांना बसू द्या.

रात्रपाळीचं ओलित
विषय कोणताही घ्या, वेळ बदला. जानेवारीत गहू-हरभऱ्याचं ओलित असतं, शेतीची वीज रात्रीची आली की गडी मोटारीवर. वरून रानडुकरांची जागल. सात वाजताच्या खेळाला पुरुष येणार कुठून? मग बायकांनी पाहायचं आणि ज्याच्यावर सिनेमा आहे तो शेतात! रविवारी दुपारी ठेवा. खिडक्यांना ताडपत्री मी आणतो.

पराटी
दुपार मान्य. चहाही. पण मास्तरांचा प्रश्न माझ्यावरही आहे. मीसुद्धा कुणा बाईला न विचारताच 'ठेवा' म्हणालो.

बांधावरचा
काल काकूले इचारलं. सिनेमा कायचा हाये ते सारं सांगतलं. ती तूर निवडत होती, सूप खाली ठेवलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणे, "त्यातली बाई आपल्यासारखी बोलते का?" मी म्हटलं, हो, वऱ्हाडीच. "मंग येतो मी. पण तू माह्याजवळ बसजो."

माहं मत अजून तेच हाये. ताडपत्री लावाले मात्र येतो.