रेडिओग्राफी पदवी, दुसरं वर्ष: फिजिक्स पाठ आहे, पण इमेज समोर आली की कारण सांगता येत नाही

दुसरंवर्ष_चालू

नमस्कार मंडळी. रेडिओग्राफी आणि मेडिकल इमेजिंगच्या पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे. लेखी पेपरात फिजिक्सला मार्क पडतात, पोझिशनिंगही तोंडपाठ आहे. पण पोस्टिंगला किंवा व्हायवाला कुणी इमेज दाखवून "ही रिपीट करशील का? कशासाठी? काय बदलशील?" असं विचारलं की गाडी अडते. त्यात डिजिटलमुळे सगळ्याच इमेज छान दिसतात. एक्स्पोजर जास्त झालं की कमी, हे ओळखायचं कसं? लॅटरल व्ह्यू सुधारायचे कसे? आणि पुढच्या सत्रात सीटी, एमआरआय आहे, त्यातलं आत्ता काय वाचून ठेवू?

कोलिमेटर

फिजिक्सची वही वेगळी आणि पोझिशनिंगची वेगळी ठेवलीस तर हे असंच होणार. प्रत्येक सूत्र एखाद्या टेबलावरच्या प्रसंगाला बांधून ठेव.

इन्व्हर्स स्क्वेअर लॉ घे. छातीचा एक्स-रे 100 सेंमीवर 2 एमएएसला (ट्यूबचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) नीट येत होता, आता अंतर 180 सेंमी केलंस. नवा एमएएस = 2 × (180/100)² = 2 × 3.24, म्हणजे साधारण 6.5. इथे बहुतेक जण भागाकार उलटा करतात, कारण पुस्तकात आधी तीव्रतेचं सूत्र येतं आणि तिथे अंतर छेदात असतं. तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून तेवढीच भरपाई एमएएसने करायची. लांब गेलो तर एमएएस वाढलाच पाहिजे. उत्तर कमी आलं तर गणित चुकलं.

15 टक्क्यांचा नियम: केव्हीपी (ट्यूबचं व्होल्टेज, यावर किरणांची भेदकता ठरते) 15 टक्के वाढवला तर एमएएस निम्मा करता येतो. 70 केव्हीपी, 10 एमएएसच्या जागी साधारण 81 केव्हीपी, 5 एमएएस. रुग्णाचा डोस कमी होतो, स्कॅटर (शरीरात विखुरलेले किरण) मात्र वाढतं.

एक्स्पोजर डोळ्यांनी ठरवू नकोस. प्रोसेसिंग ब्राइटनेस सांभाळून घेतं, म्हणून डिजिटलवर काळी-पांढरी ही कसोटी निरुपयोगी. डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे डीआय बघ; डिटेक्टरला मिळालेलं एक्स्पोजर अपेक्षेपेक्षा किती जास्त-कमी, ते तो सांगतो. त्याचं सूत्र 10 गुणिले लॉग, पाया 10, (आलेला एक्स्पोजर इंडेक्स भागिले अपेक्षित इंडेक्स). टार्गेट 250 असताना 500 आला तर डीआय +3, म्हणजे दुप्पट. 125 आला तर −3, म्हणजे निम्मा. +1 म्हणजे सुमारे 25 टक्के जास्त. पण हा आकडाही फसवतो. कोलिमेशनच्या (बीम हव्या त्या भागापुरता मर्यादित करण्याच्या) कडा सिस्टिमने नीट ओळखल्या नाहीत, फील्डमध्ये धातूचा इम्प्लांट आला किंवा कन्सोलवर बॉडी पार्टच चुकीचा निवडला, तर इंडेक्स चुकीचा येतो. म्हणून आकड्याबरोबर नॉइजही बघायचा. छातीच्या इमेजमध्ये झूम करून हृदयामागचा भाग बघ. फोटॉन कमी पडले असतील तर रवाळपणा आधी तिथे दिसतो. उलट खूपच जास्त एक्स्पोजर झालं तर फुप्फुसाच्या किंवा त्वचेच्या कडा सपाट काळ्या होतात आणि विंडो कितीही फिरवली तरी तिथली माहिती परत येत नाही.

मधल्या टप्प्यात, म्हणजे दुप्पट-तिप्पट जास्त झालं तर, इमेज उलट जास्त गुळगुळीत दिसते आणि कुणी तक्रार करत नाही. एक्स्पोजर क्रीप, म्हणजे नकळत हळूहळू वाढत जाणारं एक्स्पोजर, वाढतो तो यामुळे.

एईसीचे (पुरेसे किरण मिळाले की एक्स्पोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा; किरण मोजतो तो तिचा चेंबर) तीन प्रश्न व्हायवाला हमखास येतात. एक, चेंबर शरीराखाली पूर्ण झाकला नाही तर काय? मोकळा बीम चेंबरवर पडतो, एक्स्पोजर लवकर तुटतं, इमेज अंडर. दोन, चेंबरवर धातूचं सांध्याचं रोपण आलं तर? चेंबरला सिग्नल पुरेसा मिळत नाही, एक्स्पोजर बॅकअप टायमरपर्यंत (ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत) ताणलं जातं. तीन, एईसी चालू असताना केव्हीपी वाढवला तर इमेज गडद होईल का? नाही. डिटेक्टरला मिळणारं एक्स्पोजर जवळपास तेच राहतं, बदलतात कॉन्ट्रास्ट आणि रुग्णाचा डोस.

मीडियल_कॉन्डाइल

वरचं एक्स्पोजरचं झालं. पण रिपीटची मोठी कारणं पोझिशनिंगमध्ये असतात, आणि तिथे "रोटेशन आहे" एवढं उत्तर पुरत नाही. कोणत्या बाजूला आणि किती, हे सांगता आलं पाहिजे.

छाती, पीए (किरण पाठीकडून पुढे; एपी म्हणजे उलट). क्लॅव्हिकलची (गळ्याजवळचं हाड) आतली टोकं आणि स्पायनस प्रोसेस (मणक्याचं मागचं टोक) यांतलं अंतर दोन्हीकडे मोज. क्लॅव्हिकल पुढे, स्पायनस प्रोसेस मागे. शरीर वळलं की दोघं विरुद्ध दिशेला सरकतात. पीएमध्ये ज्या बाजूचं अंतर जास्त, ती बाजू डिटेक्टरपासून दूर गेलेली असते. एपीमध्ये नेमकं उलट, जास्त अंतराची बाजू डिटेक्टरजवळ. ही उलटापालट कागदावर वरून पाहिल्यासारखा छातीचा आडवा छेद काढून एकदा स्वतः पडताळून बघ, म्हणजे पाठ करायची गरज राहणार नाही. मग श्वास: मागच्या बाजूच्या बरगड्या डायफ्रामच्या वर 9 ते 10 मोजता आल्या पाहिजेत. मग स्कॅप्युला (खांद्यामागची हाडं) फुप्फुसाबाहेर निघालेत का. शेवटी ॲपेक्स (फुप्फुसाची वरची टोकं) आणि दोन्ही कॉस्टोफ्रेनिक अँगल (खालचे कोपरे) फ्रेममध्ये आहेत का. रोज याच क्रमाने बघ.

गुडघ्याचा लॅटरल, रुग्ण दुखऱ्या बाजूवर कुशीवर. गुडघा 20 ते 30 अंश वाकवलेला. त्याहून जास्त वाकवला तर पटेला (गुडघ्याची वाटी) खेचली जाते आणि सांध्यातलं पाणी दाखवणारे फॅट पॅड दबून जातात. ट्यूब डोक्याकडे 5 ते 7 अंश. इमेजमध्ये दोन्ही कॉन्डाइल (मांडीच्या हाडाचे खालचे गोल उंचवटे; आतला मीडियल) एकमेकांवर बसले नाहीत तर आधी बघ, चूक कोणत्या दिशेची आहे. खालच्या कडा वेगळ्या दिसतायत? ट्यूबचा अँगल चुकला. मागच्या कडा वेगळ्या दिसतायत? पाय फिरलाय. फिरला तर कुठे, हे ॲडक्टर ट्यूबर्कल (हाडावरचा छोटा उंचवटा) सांगतो. तो फक्त मीडियल कॉन्डाइलवर असतो. मीडियल मागे गेलेला दिसला तर पटेला टेबलापासून वर उचलली गेलीय, रुग्णाला थोडं पुढे वळव. मीडियल पुढे गेला असेल तर उलट. एवढं सांगितलंस की परीक्षक पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

कोपरात 90 अंशांचा हट्ट धर. कोपर सरळ राहिलं तर मागचा फॅट पॅड इजा नसतानाही दिसू शकतो आणि नसलेलं फ्रॅक्चर शोधत बसावं लागतं. खांदा, कोपर, मनगट एका पातळीत हवेत; खांदा उंच राहतो तो टेबल खाली असल्यामुळे, तेव्हा टेबल वर घे.

आणि मार्कर एक्स्पोजरच्या वेळीच फील्डमध्ये ठेव. नंतर कन्सोलवर टाकलेलं आर किंवा एल म्हणजे स्मरणशक्तीवरचा विश्वास.

ग्रिड_रेशो

कोलिमेटर दादांच्या 15 टक्क्यांवर थोडी हरकत. तो अंदाजाचा नियम आहे, सूत्र म्हणून लिहू नकोस. मधल्या केव्हीपीत तो बरा चालतो. कमी केव्हीपीला त्याहून छोट्या बदलाने एक्स्पोजर दुप्पट होतं, 110-120च्या आसपास जास्त बदल लागतो.

ग्रिडचे (स्कॅटर अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) दोष चित्रावरून ओळखायला शीक. फोकस्ड ग्रिड उलटी बसली तर मधला पट्टा ठीक आणि दोन्ही कडा पांढऱ्या. ट्यूब बाजूला सरकली किंवा ग्रिड तिरकी झाली तर सगळी इमेज एकसारखी अंडर येते. हे पोर्टेबलला गादी खचल्यामुळे फार होतं आणि लोक उगाच एमएएस वाढवतात.

गोनॅड शील्डबद्दल (जननेंद्रियांवर ठेवायचं शिशाचं आवरण) जुनी उत्तरं देऊ नकोस. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने, एएपीएमने, 2019 मध्ये त्याचा सरसकट वापर थांबवावा असं म्हटलं. शील्ड एईसीच्या चेंबरवर आली तर डोस वाढतो, आणि सरकली तर हवा तोच भाग झाकते. तरी तुमच्या विभागाचा नियम काय आहे ते विचारून ठेव.

दुसरंवर्ष_चालू

खूप आभार सगळ्यांचे. कॉन्डाइलचं पहिल्यांदाच नीट डोक्यात बसलं. एक शंका: डीआय −3 आला, पण इमेज वाचता येतेय. रिपीट करायचं?

कोलिमेटर

आकड्यावरून रिपीट ठरत नाही. तपासणी कशासाठी मागवलीय ते विनंतीपत्रावर वाच. नळीचं टोक कुठे आहे एवढंच बघायचं असेल आणि ते दिसतंय, तर रिपीट नाही. केसासारखं बारीक फ्रॅक्चर शोधायचंय आणि ट्रॅबेक्युला (हाडातली बारीक जाळी) रव्यात हरवल्यात, तर करावं लागेल. शंका असेल तर रेडिओलॉजिस्टला किंवा सीनिअरला दाखव. रिपीट करताना फक्त चुकलेली गोष्ट बदल. अंडर होती म्हणून एमएएस दुप्पट केला, इतकंच. सोबत केव्हीपीही वाढवला तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही.

सीटी_कन्सोल

तिसरा प्रश्न राहिलाच की. सीटी आधी घे, कारण एक्स-रेचं फिजिक्स तिथे तसंच कामाला येतं. पाणी 0, हवा −1000, चरबी −100च्या आसपास, एवढे हाउन्सफील्ड आकडे (सीटीत ऊतींची घनता दाखवणारी मोजपट्टी) पक्के कर. मग विंडो: मेंदूला रुंदी 80, पातळी 40 घेतली तर पडद्यावर 0 ते 80 एवढाच पट्टा करड्या छटांत उलगडतो, बाकी सरळ काळं किंवा पांढरं. फुप्फुसाला रुंदी 1500 आणि पातळी −600 लावून हीच वजाबाकी-बेरीज स्वतः कर. स्लाइस 5 मिमीवरून 1.25 मिमी केली तर फोटॉन पावपट, नॉइज दुप्पट. डोसला सीटीडीआयव्हॉल (स्कॅनची सरासरी डोस-तीव्रता) 10 मिलिग्रे आणि स्कॅनची लांबी 40 सेंमी म्हणजे डीएलपी (दोन्हींचा गुणाकार, एकूण डोसचा अंदाज) 400 मिलिग्रे-सेंमी. लांबी उगाच 5 सेंमी वाढवलीस तर लगेच 50ची भर.

एमआरआयचं आत्ता एवढंच पुरे: टीआर (दोन पल्समधलं अंतर), टीई (सिग्नल घेईपर्यंतचा वेळ) दोन्ही कमी तर टी1 प्रकारची इमेज, दोन्ही जास्त तर टी2, मेंदूतलं पाणी टी1 मध्ये काळं, टी2 मध्ये पांढरं. सीक्वेन्सच्या (स्कॅनच्या पल्सच्या ठरलेल्या मांडण्या) नावांच्या जंगलात इतक्यात शिरू नकोस. सेफ्टी मात्र पोस्टिंगच्या आधीच वाच. स्कॅन थांबला तरी मॅग्नेट चालूच असतो. रुग्ण कोसळला तर त्याला आधी खोलीबाहेर काढायचं आणि मग पुढचे उपचार; ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर घेऊन आत धावायचं नाही.

मीडियल_कॉन्डाइल

जाता जाता: लॉगबुकात "चेस्ट पीए, 12 केसेस" असं लिहून काही हाती लागत नाही. रुग्णाची ओळख वगळून प्रत्येक केसला पाच रकाने कर: व्ह्यू, केव्हीपी आणि एमएएस, अंतर, डीआय, आणि शेवटी "काय चुकलं, कोणत्या दिशेला". रिजेक्ट झालेल्या इमेज कन्सोलवर साठवलेल्या असतात. विभागप्रमुखांची परवानगी काढून त्या बघ. चांगल्या इमेज पुस्तकात भरपूर सापडतात, चुकलेल्या तिथेच मिळतील.