मदत हवी आहे: २८ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना (बोर्डवर छापलेला तांब्याचा आयताकृती तुकडा) २७.३ वर का उतरतोय?

सिम्युलेशनमध्ये एस-११ची (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं प्रमाण) दरी बरोबर २८ गिगाहर्ट्झवर, उणे २४ डीबी. बोर्ड मोजला तर ती २७.३ वर, तीही जेमतेम उणे ९. शिवाय आलेखभर लाटा.

बोर्डचं मटेरियल (लॅमिनेट) रॉजर्स ४३५०बी, जाडी ०.२५४ मिमी, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.४८ धरला. पॅच रुंदीला ३.५, लांबीला २.७८ मिमी, इनसेट फीड (लाइन पॅचमध्ये खाच पाडून आत जोडलेली), ५० ओहमची लाइन २५ मिमी. सोल्डर मास्क नाही. २.९२ मिमीचा एज-लाँच (बोर्डच्या कडेला बसणारा) कनेक्टर. व्हीएनएचा (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, हे मोजणारं यंत्र) स्वीप २६ ते ३० गिगाहर्ट्झ, कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी. तिन्ही बोर्ड सारखेच वागतात. एचिंगचा (तांबं रसायनाने कोरण्याचा) दोष असेल का?

प्रतिसाद १

एवढं घसरायला पॅच ०.०७ मिमीने लांब हवा. मायक्रोस्कोपखाली मोजून घ्या, पण तिन्ही सारखेच म्हणजे माझा संशय ३.४८ वर. डेटाशीटमध्ये दोन आकडे असतात: ३.४८ हा क्लॅम्प्ड स्ट्रिपलाइन चाचणीने मोजलेला प्रोसेसचा (उत्पादनात दर्जा तपासण्याचा), डिझाइनसाठी ३.६६. पातळ लॅमिनेटवर तांब्याचा खडबडीतपणाही प्रभावी स्थिरांक वाढवतो. ३.६६ घालून तुमचाच पॅच पुन्हा चालवा, साधारण २७.३ च येईल. हे बघितल्याशिवाय बोर्डवाल्याशी भांडू नका.

प्रतिसाद २

लाटांचं दुखणं वेगळं. दोन शिखरांमधलं अंतर मोजा. सुमारे ३.५ गिगाहर्ट्झ निघालं तर परावर्तन त्या २५ मिमी लाइनच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे कनेक्टर आणि पॅच यांच्यात खेळतंय. पण ४ गिगाहर्ट्झच्या स्वीपमध्ये धड दोन शिखरंही दिसणार नाहीत, आणि टाइम डोमेनमध्ये (परावर्तन किती अंतरावरून येतंय ते पाहताना) तेवढ्यात जेमतेम २२ मिमीचा फरक कळतो, विंडो (स्वीपच्या कडा मवाळ करणारं गणिती वजन) लावली की त्याहून वाईट. २० ते ३६ घ्या, मग साडेपाच मिमीपर्यंत उतरता येईल. कनेक्टरचा ठोका वेगळा दिसला की त्याच्या पुढून गेट लावा, म्हणजे फक्त पुढचं परावर्तन उरेल. स्वीपच्या दोन्ही कडांजवळच्या गेट केलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नका.

कनेक्टर भिंगाखाली बघा. पिनवर सोल्डरचा गोळा असेल तर तिथे कपॅसिटन्स वाढतो. बोर्डची कड आणि कनेक्टरचं अंग यांत फट असेल तर ग्राउंडचा रस्ता लांबतो आणि इंडक्टन्स वाढतो. एवढा पातळ बोर्ड स्क्रू कमी-जास्त आवळले की वाकतोच. केबलचा नट ०.९ न्यूटन-मीटरच्या टॉर्क पान्याने.

धागाकर्ता

३.६६ घातल्यावर २७.३४ आलं! मग सगळी मापं अडीच टक्क्यांनी कमी करू? की आहे तोच पॅच ब्लेडने खरवडू?

प्रतिसाद १

दोन्ही नको. लाइनची रुंदी इम्पिडन्सवर ठरते, तिला सरसकट टक्का लावायचा नसतो, ३.६६ वर ती नव्याने काढा. पॅचची विद्युत लांबी म्हणजे २.७८ अधिक दोन्ही कडांच्या फ्रिंजिंगचे (कडेबाहेर पसरणाऱ्या विद्युतक्षेत्राचे) सुमारे ०.२४. ही बेरीज अडीच टक्क्यांनी घटवून ०.२४ वजा केले की २.७१ उरतात. इनसेटची खोली शेवटी, गेट केलेला एस-११ बघून. ब्लेडने ०.०७ मिमी सरळ निघत नाही, कड दातेरी होते.

नव्या बोर्डवर २.६६, २.७१ आणि २.७६ असे तीन पॅच शेजारी टाका. ०.०५ मिमीला जवळपास अर्धा गिगाहर्ट्झ सरकतो, त्यामुळे एचिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी एक हाताशी लागेल. तांब्यावरचं फिनिश निकेल-सोन्याऐवजी इमर्शन सिल्व्हर सांगा. २८ गिगाहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ (प्रवाह वाहतो तो पृष्ठभागाचा थर) ०.४ मायक्रॉन, प्रवाह कडांवर दाटतो, आणि तिथेच सिग्नलचा तोटा वाढवणारं निकेल बसलेलं असतं.