चारचौघांत वही उघडताना: तुमची भीड कशी मोडली?

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. होड्यांवरून बैलगाड्यांनी आणलेली मासळी ओल्या वाळूवर ओततात, ढिगाभोवती माणसांचं कडं होतं, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं? तरी तीन वर्षं मी पिशवीतून वही न्यायचे आणि न उघडता परत आणायचे. फोटो मात्र बिनधास्त. मोबाइल वर धरला की आपण पर्यटक, वही उघडली की तमाशा. त्यात आजोळ दापोलीचं, म्हणजे ‘अमक्यांची नात ना गं तू? इथे काय करत्येस?’ हे ठरलेलं.

गेल्या मे महिन्यात एकदाची उघडली. दोन मिनिटांत एक मावशी कमरेवर हात ठेवून समोर हजर. “काय लिहितेस? भाव लिहितेस? सरकारातून आलीस?” त्यांना वाटलं मी लिलावाचे आकडे टिपतेय. घाबरून वहीच त्यांच्याकडे फिरवली. पानावर त्यांचीच पाठ आणि डोक्यावरची पाटी. बराच वेळ बघून म्हणाल्या, “पाटी बारकी काढलीस.” मग एक रिकामा क्रेट पायानं माझ्याकडे ढकलला, बस म्हणून.

तुमचं कसं झालं ते सांगा. ‘आत्मविश्वास ठेवा’ छापाचे सल्ले नकोत. प्रसंग सांगा, फसलेलेही चालतील.

मालवण

बँकेतून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. सुरुवात मुद्दाम पावसाळ्यात केली. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. हलत नाहीत, आणि आजूबाजूला वर्दळ नाही. भिडस्त माणसाला याहून चांगलं मॉडेल मिळायचं नाही. पण ऑगस्ट उजाडतोच.

दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. मी लांब माडाच्या बुंध्याला टेकून, समोर सिंधुदुर्ग आणि एक होडी, असं बेताचं चित्र धरलं होतं. रापणीतला एकजण पाणी प्यायला वर आला आणि मागे उभा राहिला. ज्याला मी तीस वर्षं भीत आलो, तो हाच क्षण.

“ह्यां काय?”
“होडी.”
“कसली होडी ही? उलांडी खंय हिची? पयल्याच लाटेक आडवी पडतली.”

खरंच, बाजूचं ते आडवं लाकूड मी सोडूनच दिलं होतं, चित्रात अडचण होते म्हणून. त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, ओल्या बोटांनी दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला उलांडी ओढली, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा वर उचलली आणि गेला. कागद भिजून फुगला. एक खवला चिकटला, तो अजून त्या पानावर आहे. चित्राबद्दल बरं-वाईट तो काही बोललाच नाही. त्याला होडीची काळजी होती. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी ज्या परीक्षकाला भीत होतो तो इथे आलेलाच नव्हता.

गुहागर

मी अजून जमिनीवर काढत नाही! दाभोळ-धोपावे फेरीबोटीत काढते. दहा-बारा मिनिटं मिळतात, गाड्यांतली माणसं कठड्याशी उभी राहून खाडी बघत असतात. कुणी विचारायला येईपर्यंत धक्का येतो आणि सगळे गाड्यांकडे पळतात. पळपुटेपणा आहे, मान्य. पण दोन वह्या भरल्या.

कुडाळ

इंटरमीजिएटला सी ग्रेड. स्थिरचित्रातला तांब्या डावीकडे कलंडला होता, सरांनी वर्गात वर धरून दाखवला. त्यानंतर वीस वर्षं चित्र म्हणजे कुणीतरी तपासणार, हेच डोक्यात. वर मालवणच्या काकांनी परीक्षकाचं लिहिलंय ते वाचून हसू आलं. माझा परीक्षक प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी पोचलेला असे.

सुटका झाली ती गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे. श्रावणात आमचा पाट द्यायला गेले आणि तिथेच रेंगाळले. ओळीनं मांडलेल्या मूर्ती, काहींना नुसता पांढऱ्या रंगाचा हात दिलेला, कोपऱ्यात शाडूचा गोळा ओल्या गोणपाटाखाली. तिथे सगळे गणपतीकडे बघतात, तुमच्याकडे कोण बघतंय? मी बॉलपेननं काढायला लागले. (त्या दिवसांत जलरंगाच्या वाटेला जाऊ नका. हवेत इतका ओलावा की पहिला हात वाळत नाही, दुसरा त्यात वाहून जातो.)

तिथले मूर्तिकार आजोबा डोळ्यांची आखणी करायला बसले तेव्हा त्यांच्या पाठीशी आठ-दहा पोरं. एकाची हनुवटी जवळजवळ त्यांच्या खांद्यावर. आजोबांनी ना कुणाला हाकललं, ना हात थांबवला. बुबुळाची कड पुरी केली, ब्रश उचलला आणि म्हणाले, “उजेड सोडा रे.” पोरं अर्धं पाऊल सरकली आणि परत बघायला लागली.

ते वाक्य मी चोरलं. आता वेंगुर्ल्याच्या बाजारात काढत असले आणि गर्दी झाली की म्हणते, “जरा उजेड सोडा हं.” लोक लगेच सरकतात. वर एखादा दुसऱ्याला दटावतो, “अरे बाजूक हो, बाई काम करतत!” काम! आमच्या घरी अजून याला कुणी काम म्हटलेलं नाही.

चिपळूण

सावर्ड्याला चित्रकला शिकत होतो तेव्हा एसटी स्टँडवर सराव चालायचा. लाजायला वेळच मिळत नाही हो. झोपलेले काका निवडावेत तर गाडी लागते आणि मॉडेल पिशवीसकट खिडकीकडे धावतं. म्हणून आधी न हलणारं पकडायचं, कौलं, खांब, बाकडी. माणसं नंतर, जी सापडतील ती. कुणाचं डोकं, दुसऱ्याचे पाय. खोडरबर घरी ठेवायचा. खोडायला लागलात की बघणाऱ्याला कळतं तुम्ही चुकलात.

२००७ साली सुरू झालेल्या अर्बन स्केचर्स या चित्र काढणाऱ्यांच्या गटाबद्दल पुढे कळलं. जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं, हाच त्यांचा नियम. एकत्र जमून काढतात. पाचजण वह्या घेऊन बसले की लाजण्याची पाळी बघणाऱ्यावर येते.

रायगड जिल्हा (गावाचं नाव नको)

सगळं गोडच असतं असं नाही, म्हणून लिहिते. एका धक्क्यावर रखवालदारानं वही मागितली. परवानगी आहे का, कसला नकाशा काढताय, कोणी पाठवलं. तिसऱ्या पानावर घरच्या मांजराचं चित्र होतं, तेही त्यानं बारकाईनं तपासलं. आज हसते, तेव्हा हातपाय कापत होते. आता पहारा असलेल्या ठिकाणी आधी जाऊन विचारते. आणि कातरवेळी एकटी बसत नाही. बाईनं एका जागी तासभर बसणं हेच काही लोकांना आमंत्रण वाटतं, त्याला भीड म्हणू नका. वहिनीला सोबत नेते. ती विणते, मी काढते.

रत्नागिरी

माझी भीड गेलेली नाही. मांडवीला मी पाठीला भिंत मिळेल अशीच जागा धरतो, म्हणजे मागून कुणी येत नाही. वही हाताएवढी. कुणी जवळ आलं की पान उलटून किराण्याची यादी लिहायला घेतो. यादी खरीच असते, बायकोनं दिलेली.

गेल्या रविवारी शाळेतला एक मुलगा येऊन शेजारी भिंतीला टेकला. दप्तरातून रफ वही काढली आणि समोरची होडी काढायला लागला. मी यादीचं पान उलटायला विसरलो. पंधरा-वीस मिनिटं दोघं गप्प. त्यानं माझ्या पानात एकदा डोकावून घेतलं. म्हणून मीही त्याच्याकडे जरा मान वळवली, तर त्यानं पटकन आपलं चित्र तळहातानं झाकलं.

मी परत होडीकडे बघायला लागलो.