इंग्लंडची खेडी, दहा रात्री, पाच माणसं: निवांत गाडीप्रवास कसा आखावा?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. येत्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडला जायचं पक्कं झालंय. आम्ही दोघं, ८ वर्षांची मुलगी, आई (६३) आणि बाबा (६९). लंडन नको आहे. खेडी, मेंढ्यांची कुरणं, तळी बघायची आहेत. गाडी भाड्यानं घेऊन मीच चालवणार. चोर्ला आणि आंबोली घाट नेहमीचे आहेत. हातात दहा रात्री. मी काढलेला मार्ग असा: हीथ्रो, बाथ, कॉट्सवोल्ड्स, पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट, परत हीथ्रो. एकूण सातशे मैलांच्या आसपास भरतंय.

मे अखेर बरी की जून? केए-२२ चं (बेळगावचं) लायसन्स तिकडं चालतं का? आईचे गुडघे दुखतात, बाबांना अंडंसुद्धा चालत नाही, तर जेवणाचं कसं करायचं? आणि तिकडच्या नातेवाइकांना कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, न्यायचा म्हणून आई मागं लागली आहे. जरा सविस्तर सांगा की.

कॅम्पातला_वाटाड्या

मार्ग मैलांत बसतोय, तासांत बसत नाही. मोटरवेवर ताशी ६० मैल पडतात, पण खेड्यांमधल्या रस्त्यांवर सरासरी २५-३० च्या वर जात नाही. त्यात पाच ठिकाणी सामान सोडायचं-बांधायचं म्हटलं की वयस्कर माणसांचा निम्मा दिवस त्यातच जातो. बाथ, पीक आणि यॉर्क काढून टाका. दोनच मुक्काम ठेवा: कॉट्सवोल्ड्समध्ये ४ रात्री, लेक डिस्ट्रिक्टमध्ये ५. पहिली रात्र हीथ्रोजवळ झोपा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्या. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच अनोळखी गाडी हातात घेऊ नये.

परत हीथ्रोला येऊच नका. जाताना हीथ्रो आणि येताना मँचेस्टर असं तिकीट काढा. आखाती कंपन्यांची विमानं दोन्हीकडून सुटतात. विंडरमिअरहून मँचेस्टर विमानतळ पावणेदोन तासांवर आहे, हीथ्रो पाच तासांवर. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा वेगळा आकार लागतो, तो बुकिंग करतानाच विचारून घ्या. एक अख्खा दिवस वाचतो, त्यापुढं तो जड नाही.

तारखांचं म्हणाल तर मुलीची शाळा मे संपता संपता सुरू होणार, म्हणजे जून बाद. तिकडं मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असतो आणि शेवटच्या आठवड्यात शाळांना मधली सुट्टी असते. त्या दिवसांत घरभाडी चढतात, पार्किंग मिळत नाही. या दोन सोमवारांच्या मधले दोन आठवडे धरा. झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं तेव्हाच असतात, मेंढ्यांची पिल्लं कुरणात असतात आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड राहतो. सकाळी मात्र बेळगावच्या डिसेंबरपेक्षा गार वाटेल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासूनच भरता येतो आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. तारखा त्या हिशेबानं बसवा.

हीथ्रोहून निघाल्यावर एम ४ मोटरवेनं जात एव्हबरीला थांबा. स्टोनहेंजपेक्षा इथलं दगडांचं वर्तुळ कितीतरी मोठं, आणि गावाचा एक भाग त्या वर्तुळाच्या आतच वसलाय. उभ्या शिळांना हात लावता येतो. तिथून कॉट्सवोल्ड्स तासाभराच्या अंतरावर. मुक्काम स्टो-ऑन-द-वोल्ड किंवा मोरटन-इन-मार्शच्या आसपास धरा. ही दोन्ही गावं ए ४२९ या मुख्य रस्त्यावर आहेत ('ए' म्हणजे मोटरवेखालोखालचे मोठे रस्ते). हा रस्ता बराचसा जुन्या रोमन फॉस वेवरून जातो, म्हणून सरळ आहे आणि चालवायला सोपा.

तिथली घरं मधाच्या रंगाची दिसतात ती स्थानिक चुनखडीच्या दगडामुळं. आपल्याकडं जांभा चिरा जसा खाणीतून थेट भिंतीत येतो तसंच ते. गावं लहान आणि चर्च मात्र भलीमोठी, कारण मध्ययुगात इथं लोकरीचा पैसा होता. निपाणीत तंबाखूनं वखारी उभ्या केल्या, तशी इथं लोकरीनं चर्चं. नॉर्थलीच आणि चिपिंग कॅम्डनची नक्की बघा. कॅम्डनमधला १६२७ चा बाजारमंडपही अजून उभा आहे. बायबरीला सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर जा. मधल्या वेळात पर्यटकांची गर्दी असते आणि अरुंद रस्त्यावर गाडी उभी करायला जागा राहत नाही. आईंसाठी बोर्टन-ऑन-द-वॉटर: सपाट गाव, मधून गुडघाभरही पाणी नसलेली विंडरश नदी, काठाला बाकडी. दिवसाला दोन गावं बास. तिसरं बघायला गेलात की पहिली दोन डोक्यात एकत्र मिसळतात.

कॉट्सवोल्ड्स ते विंडरमिअर जवळपास १९० मैल, थांबे धरून पूर्ण दिवस. वाटेत आयर्नब्रिजला जेवा. १७७९ साली उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल तिथं आहे, त्यावरून चालत जाता येतं. पुढं एम ६ वर बर्मिंगहॅमजवळ टोलचा वेगळा पट्टा लागतो, पण आयर्नब्रिजवरून एम ५४ नं आलात की त्यावर जावंच लागत नाही.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये ए ५९१ हाच कणा: विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, केझिक. याच मार्गावर ५५५ नंबरची बस धावते. एक दिवस गाडी मुक्कामावर ठेवून बसनं फिरा, म्हणजे चालवणाऱ्यालाही डोंगर दिसतील. कर्कस्टोन खिंड (४५४ मीटर) दिवसाउजेडी करा, उतरल्यावर ग्लेनरिडिंगहून अल्सवॉटर तळ्यातली बोट घ्या. हार्डनॉट आणि रायनोज या खिंडींच्या वाटेला जाऊ नका. हार्डनॉटचा चढ तीनास एक (तीन फूट पुढं गेलं की एक फूट वर) आहे आणि रस्ता एका गाडीपुरता. चोर्ल्यात बस समोर आली तरी निभावतं, इथं मोटार आली तरी कोणाला तरी उलटं जावं लागतं.

गुडघ्यांसाठी राष्ट्रीय उद्यानानं आखलेल्या 'माइल्स विदाउट स्टाइल्स' वाटा शोधा. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची लाकडी किंवा दगडी पायरी. शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर त्या जागोजाग असतात आणि चढताना गुडघाच वाकवावा लागतो. टार्न हाउज तळ्याभोवतीची वाट त्या यादीत आहे.

निपाणी_हायवे

रस्त्याचं मी सांगतो. गाडी डाव्या बाजूनंच चालते, स्टिअरिंग उजवीकडंच, त्यामुळं हात बसायला वेळ लागत नाही. चुकतं ते सवयींमुळं.

सगळ्यात आधी डिपर. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला की 'मी येतोय, थांब'. तिकडं बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'तुम्ही आधी जा' असा घेतला जातो. सवयीनं डिपर मारलात तर समोरचा बिनधास्त पुढं येईल. तुम्हाला कोणी मारला तर रस्ता मोकळा आहे का ते डोळ्यांनी बघूनच निघा.

दुसरं सर्कल. गोगटे सर्कलला ज्याचं नाक आधी घुसलं त्याचा रस्ता, तिकडं उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. तुम्ही थांबायचं. एकदा आत शिरलात की मध्ये थांबायचं नाही. पहिल्या फाट्यानं डावीकडं जायचं तर डावी लेन, डावा इंडिकेटर. उजवीकडं जायचं तर उजवी लेन, उजवा इंडिकेटर, आणि आपल्या फाट्याआधीचा फाटा मागं गेला की डावा द्यायचा. रस्त्यावर नुसता पांढरा गोल रंगवलेला असेल तर तोही सर्कलच, नियम तेच.

खेड्यांकडच्या एकेरी लेनमध्ये, म्हणजे एका गाडीपुरत्या रस्त्यात, दोन्ही बाजूंना झुडपांची किंवा दगडांची भिंत अगदी डांबराला टेकलेली असते. थोड्या थोड्या अंतरावर साइड द्यायच्या जागा असतात. समोरून गाडी आली आणि जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत घ्या. उजवीकडं असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, पलीकडं जाऊ नका. चढ चढणाऱ्याला वाट द्यायची. मागं घ्यायची वेळ येतेच, त्यामुळं रिव्हर्सचा हात साफ ठेवा. नवख्यांची गाडी बहुतेक डाव्या बाजूला घासते: गवतात दगड लपलेले असतात, टायरची कड फाटते. कित्येक भाड्याच्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता पंक्चरचा किट असतो, आणि कड फाटली की तो किट निरुपयोगी. गाडी घेतानाच डिकीचा तळ उघडून बघा.

वेगमर्यादा मैलांत. रस्त्यावर दिवे आहेत आणि पाटी नाही, तर ३०. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की दुहेरी वाहतुकीच्या साध्या रस्त्याला ६०, म्हणजे ९६ किलोमीटर. ही कमाल मर्यादा आहे, त्या लेनमध्ये ३० सुद्धा जास्त होतात. घोडेस्वार दिसला की ताशी १० मैलांच्या आत या आणि २ मीटर अंतर ठेवून पुढं जा. हॉर्न नको, घोडा बुजतो. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उतरला की थांबायचंच. गाडी चालवताना फोन हातात दिसला तर २०० पौंड दंड. कॅमेऱ्यात सापडलात तर नोटीस भाडे कंपनीकडं जाते, कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्याचा आकार कार्डावरून वेगळा वळता करते.

दुहेरी पिवळी रेघ म्हणजे कधीही गाडी उभी करायची नाही. शेताच्या फाटकासमोर तर मुळीच नको, ट्रॅक्टर अडकतो. पेट्रोल स्वतः भरायचं: हिरवी नळी पेट्रोल, काळी डिझेल. पंपाचा नंबर लक्षात ठेवा आणि आत जाऊन पैसे द्या.

नकाशाचं ॲप दोन मिनिटं वाचवायला लेनमध्ये घालतं. शक्य तिथं 'ए' रस्ताच धरा आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये रेंज जाते.

खानापूरची_अक्का

टिळकवाडीकर, आईंना सांगा, कुंदा नको. तो खव्याचा, आणि भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे. कस्टमवाले काढून टाकतात. हापूस किंवा ताजा कढीपत्ता न्यायचा तर तिकडचे नियम आधी बघा. शेंगदाण्याची चटणी, तेलावरचा चिवडा, सांडगी मिरची, मेतकूट, भाजणी हे न्या, कोरडं आणि सीलबंद.

बाबांसाठी स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. खूपशी कॉटेजं शुक्रवार किंवा शनिवारपासूनच भाड्यानं मिळतात, तेव्हा मुक्काम बदलायचे वार आधी जुळवा. कुकर न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. फोडणी देण्याआधी खिडकी उघडून एक्झॉस्ट लावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजतो. प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचं ॲडॅप्टर.

इंग्लंडमधली मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात. डाळ, तांदूळ, दही, भाजी शनिवारीच भरून ठेवा. पबमध्ये दुपारचं जेवण साधारण अडीचपर्यंत, मग स्वयंपाकघर संध्याकाळी सहापर्यंत बंद. भाज्यांचं सूप मागवताना ते कोंबडीच्या पाण्यात केलंय का विचारा. चीजवर शाकाहारी अशी खूण बघा, काही चीज जनावराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं (विरजणासारख्या पदार्थानं) लावलेलं असतं. केक आणि स्कोनमध्ये अंडं असू शकतं. 'व्हीगन' लिहिलेलं घेतलं की दूध-अंडं दोन्हीची काळजी मिटते.

बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. प्रवास विम्यात बीपी-शुगर जे असेल ते लिहाच. तिकडं इमर्जन्सी विभागातले उपचार मोफत आहेत, पण पाहुण्याला भरती केलं की बिल सुरू होतं.

टिळकवाडीकर

अक्का, कुंद्याचं आईला सांगितलं, जरा नाराज झाली पण पटलं. दोन मुक्काम पक्के. आता गाडी कुठली घेऊ? सात सीटची घेतली की सामानाचा प्रश्न मिटेल ना?

संकेश्वरकर

सातही सीट उभ्या ठेवल्या तर डिकी हातभरसुद्धा उरत नाही. पाच माणसांना सात सीटची घेऊन मागच्या दोन आडव्या पाडा, किंवा लांब डिकीची इस्टेट घ्या. मोठ्या बॅगा तीनच न्या. इस्टेटमध्ये मागं तिघं बसणार, त्यात मुलीची सीट. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलाला बूस्टर सीट लागतेच, ती बुकिंगमध्येच मागा. ऑटोमॅटिक महाग पडते, पण चढावरच्या लेनमध्ये थांबत-निघत जायला तीच बरी. घाट उतरताना तिलाही खालच्या गिअरमध्ये टाका, नुसत्या ब्रेकवर सोडू नका.

लायसन्स: इंग्रजीत छापलेलं भारतीय कार्ड तिकडं १२ महिने चालतं. तरी इंटरनॅशनल परमिट घेऊन ठेवा, काही कंपन्या मागतात. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष, अर्ज ऑनलाइन भरून आरटीओत जायचं. मूळ लायसन्स सोबत हवंच, एकटं परमिट चालत नाही.

काउंटरवर क्रेडिट कार्ड लागतं, तेही चालवणाऱ्याच्याच नावावर. अनामत रक्कम त्यावर अडकवतात, तेव्हा बँकेत परदेशी व्यवहार चालू करून लिमिट वाढवून घ्या. एक्सेस म्हणजे नुकसानीतला तुमच्या खिशातला वाटा. तो किती आहे, आणि टायर, काच, गाडीचा तळ विम्यात येतात का, हे सही करायच्या आधी वाचा. साध्या विम्यात हे तिन्ही सहसा नसतात. गाडीभोवती फिरून चारही चाकांच्या रिमसकट व्हिडिओ काढा, उजेडात. मँचेस्टरला परत देताना पुन्हा तसाच काढा, इंधनाच्या काट्याचा आणि मैलांच्या आकड्याचा फोटोही घ्या.