मुलगी तेरा वर्षांची झाली, आता फुटबॉल बंद करायचा का?

प्रश्न (सिडको, नाशिक): मुलगी आठवीत आहे. संध्याकाळी मुलांच्या बॅचमध्ये खेळते, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूने बचाव करणारी. सासूबाई म्हणतात, "आता मोठी झाली, पाय मोडून घेतला तर पुढे लग्नाचं काय?" नवरा काहीच बोलत नाही. त्यात टीमची हाफ पँट पांढरी, म्हणून पाळी आली की पोट दुखतंय सांगून घरीच बसते. लोक सांगतात, धावायला घाला, आपल्या नाशिकची कविता राऊत बघा. कविताचा मलाही अभिमान आहे, पण हिला चेंडूच हवाय. काय करू?

उत्तर (पंचवटी): ताई, अजिबात बंद करू नका. मी खेळलेली आहे, आता मुलींना शिकवते. याच वयात मुली मैदान सोडतात, आणि किती जणींना खेळाचा नाही, त्या पँटचाच धसका असतो! सरांकडे गडद रंग मागा, लाजू नका. २०२३ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या मुलींनीही पांढरी सोडून निळी शॉर्ट्स घातली, ती याच काळजीपोटी.

सासूबाईंची भीती मात्र उडवून लावू नका. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. त्यासाठी 'फिफा ११+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, तो नियमित करून घ्या. घरी तिला उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर सरांना दाखवा, सरावाने सुधारतं.

उत्तर (नाशिकरोड): १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या मॅचला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना झेपणारा नाही म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली, ती जवळपास ५० वर्षं. आपल्या मुली १९८० आणि १९८३ ला आशियात उपविजेत्या होत्या, नंतर मागे पडल्या. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया कपला पात्र ठरल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या मॅचचे हायलाइट्स सासूबाईंना दाखवा.

प्रश्नकर्ती: सरांना फोन केला. नेव्ही ब्लू चालेल म्हणाले. वॉर्मअप पूर्ण बॅचलाच लावा, असं उद्या भेटून सांगते. उडीचं आत्ताच बघितलं, डावा गुडघा थोडा आत जातोय.