फ्रेंच प्रेस घेतला, आता ग्राइंडरही घ्यायचाच का?

वखारभागकर
दिवाळीत ७५० रुपयांचा काचेचा फ्रेंच प्रेस घेतला, म्हणजे जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं. आता जो तो सांगतोय, कॉफीच्या बिया दळायला हाताचा ग्राइंडर घे, नाहीतर प्रेस शोकेसमध्ये ठेव. बरा ग्राइंडर प्रेसच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा. माझं मत, घरचा मिक्सर पुरतो. कॉफीच्या बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजलेल्या. चटणीच्या छोट्या भांड्यात एकेक सेकंदाचे पाच-सहा झटके द्यायचे, मधे भांडं हलवायचं. मग रव्याच्या चाळणीतून चाळायचं. ३० ग्रॅम बियांतून वर राहिलेली जाडी भरड २० ग्रॅम, पाणी ३०० मिली. उकळी आली की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबून ओतायचं, चार मिनिटांनी दांडा खाली. यात चुकतंय काय?

मिरज जंक्शन
मिक्सरच चुकतोय. त्याचं पातं दळत नाही, फोडतं. ग्राइंडर म्हणजे छोटं जातं, फट जेवढी ठेवाल तेवढीच भरड पडते. तुमच्या चाळणीवर अर्धवट फुटलेल्या बिया आणि बारीक कणी एकत्र राहते. कणीतला कडवटपणा चार मिनिटांत सगळा उतरतो, मोठ्या तुकड्यांच्या पोटात तेवढ्यात पाणी पुरतं पोचतही नाही. म्हणून एकाच घोटात आंबट आणि कडू. शिवाय २० ग्रॅमसाठी तुम्ही दळता ३०. ते १० ग्रॅम कुठल्या खात्यात?

वखारभागकर
आईच्या खात्यात. खालचं पीठ तिच्या दुधाच्या कॉफीला जातं. वाया काही जात नाही ओ.

हळदपेठ
चटणीच्या भांड्यात?? आमच्या भांड्याचा कांदा-लसूण मसाल्याचा वास सात जन्म जाणार नाही. मूठभर कोरडे तांदूळ फिरवून बघितले, वास कमी होतो, जात नाही. झाकणाच्या रबरात बसलेला असतो तो.

शाहूपुरी सातारा
ग्राइंडर राहू द्या, मी म्हणते प्रेस तरी कशाला? माझा पहिल्याच महिन्यात मोरीत फुटला. नुसती काच मिळेना. तेव्हापासून स्टीलच्या झाकणाच्या पातेल्यात करते. प्रेसमध्ये होतं काय, तर पूड गरम पाण्यात भिजते. ती पातेल्यातही भिजतेच की. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडायचा, फेस काढून टाकायचा, आणखी चार मिनिटं हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो. मग सावकाश गाळून घ्यायचं, शेवटचा घोट पातेल्यातच सोडायचा. खर्च शून्य.

मिरज जंक्शन
ताई, हे एकदम मान्य. प्रेसमध्येही हेच करावं, दांडा तळापर्यंत रेटू नये, गाळ पुन्हा ढवळला जातो. पण मग वाचलेले ७५० ग्राइंडरच्या गल्ल्यात टाका.

कृष्णाकाठ
सगळे दळण्यावर भांडताय. पाकिटावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं का? आपल्याकडे वाण्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच फिल्टर कॉफीत चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते. नियमानं अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी चालते. स्टीलच्या फिल्टरला आणि दुधाला ती झकास. पण ती पूड मैद्यासारखी बारीक, प्रेसच्या जाळीतून सरळ कपात येते. लोक ती घालतात आणि प्रेसला शिव्या देतात.
दुसरं, ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय त्यांनी प्रेस रोजचा करू नये. कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य जाळी अडवत नाही, त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदी गाळणीत ते बहुतेक अडतं. पातेल्यालाही हेच लागू, ताई.

शाहूपुरी सातारा
मग कागदाचा खर्च आला. घ्या, बजेट गेलं.

महाबळेश्वरी
ते अर्धा मिनिट थांबणं आमच्याकडे नको. १,३५० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅसवरून थेट प्रेसमध्ये. गारठ्यात मात्र भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्यावं लागतं.

वखारभागकर
इतकं ऐकूनही मला माझी कॉफी आंबट-कडू लागत नाही. उलट थोडी बेचव लागते.

कृष्णाकाठ
पाणी कुठलं वापरता?

वखारभागकर
बोअरचं. नळाचं सकाळी सहालाच जातं.

कृष्णाकाठ
तेच. जड पाणी कॉफीचा आंबटपणा मारून टाकतं. बिया चांगल्या असल्या तरी मिळमिळीत लागतात. आठवडाभर नळाचं पाणी भरून करून बघा, मग ग्राइंडरचं बोला.

मिरज जंक्शन
पाण्यानं कणी मोठी होत नाही. रविवारी बिया घेऊन मिरजेला या, ग्राइंडर माझा. एक कप तुमच्या मिक्सरचा, एक माझा, डोळे झाकून प्यायचे.

वखारभागकर
येतो. पाणी मात्र दोन्ही कपांना एकच, आणि ते मी आणणार.

हळदपेठ
भांडं धुऊन आणा.